बदल करायचा, पण नेटवर्क पाडायचं नाही : रात्रीच्या कामांचं वेळापत्रक कसं ठरतं?

आज रात्री तुम्ही झोपेत असाल तेव्हा तुमच्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये कुठे ना कुठे बदल होत असतील. एखाद्या टॉवरवर नवं सॉफ्टवेअर चढेल, एखाद्या राउटरच्या सेटिंग बदलतील, कुठेतरी जुनं कार्ड काढून नवं बसेल. सकाळी तुम्ही फोन हातात घ्याल आणि तुम्हाला काहीही जाणवणार नाही. जाणवू नये, यातच त्या कामाचं यश असतं.

माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे या कामांचं वेळापत्रक. कुठला बदल, कुठल्या उपकरणावर, कुठल्या रात्री, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर करायचा, हे ठरवण्याच्या पद्धती मी अभ्यासते. "म्हणजे तू टाइमटेबल बनवतेस," असं घरचे म्हणतात. अगदी बरोबर आहे. फक्त या टाइमटेबलमध्ये तास चुकला तर वर्ग रिकामा राहत नाही, कोणाचा तरी ॲम्ब्युलन्सला केलेला फोन लागत नाही. म्हणून हा विषय आज जरा निवांत समजावून घेऊ.

बदल म्हणजे नक्की कसला बदल?

नेटवर्कमधल्या प्रत्येक उपकरणाला कसं वागायचं याच्या सूचना दिलेल्या असतात. त्यालाच कॉन्फिगरेशन म्हणतात. टॉवरवरच्या बेस स्टेशनचं उदाहरण घ्या. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, किती ताकदीने, अँटेना किती अंशात खाली झुकवायचा, शेजारी टॉवर कोणते, चालत्या गाडीतला कॉल शेजाऱ्याकडे कधी सोपवायचा, अशा हजारो बाबी तिथे ठरवलेल्या असतात. राउटरमध्ये डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा आणि कुठली माहिती आत घ्यायची नाही याचे नियम असतात. या सगळ्याच्या मागे कोअर नेटवर्क असतं. कुठला ग्राहक आत्ता कुठे आहे आणि त्याला काय वापरता येईल, याची नोंद तिथे असते.

या सूचना सारख्या बदलाव्या लागतात. सुरक्षेतली भोकं बुजवायची असतात, नवे टॉवर येतात, नवी वस्ती उभी राहते, जुनी उपकरणं थकतात. आणि हे सगळं नेटवर्क चालू असताना करायचं.

मुंबईकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण त्यांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे. रेल्वे बंद ठेवून रुळांची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून गर्दी कमी असलेला दिवस निवडतात, स्लो मार्ग अडवला तर गाड्या फास्ट मार्गावर वळवतात आणि ठरलेल्या वेळेत काम आटपतात. टेलिकॉममधला मेगाब्लॉक रात्री असतो, साधारण मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. त्याला मेंटेनन्स विंडो म्हणतात.

मग प्रश्न सुटला की! सगळं रात्री करा. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

रात्र निवडली, तरीही

गेल्या काही वर्षांतले तीन मोठे बिघाड बघा.

२ जुलै २०२२, जपान. केडीडीआय या कंपनीचे इंजिनियर पहाटे दीडच्या सुमाराला एक कोअर राउटर बदलत होते. सेवा पूर्ववत व्हायला ६१ तासांहून जास्त वेळ लागला.

८ जुलै २०२२, म्हणजे बरोबर सहा दिवसांनी, कॅनडा. रॉजर्स या कंपनीत पहाटे पावणेपाचच्या सुमाराला कोअर नेटवर्कच्या राउटरमधला एक फिल्टर काढला गेला. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचं मोबाइल, इंटरनेट, लँडलाइन सगळं गेलं. देशभरात डेबिट कार्डाने पैसे देणंही बंद पडलं.

२२ फेब्रुवारी २०२४, अमेरिका. एटी अँड टीने रात्री २ वाजून ४२ मिनिटांनी एक नवं उपकरण नेटवर्कमध्ये जोडलं. त्याचं कॉन्फिगरेशन चुकीचं होतं. तीन मिनिटांत नेटवर्कने स्वतःला वाचवण्यासाठी सगळी उपकरणं तोडून टाकली. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या अहवालानुसार साडेबारा कोटी उपकरणांवर परिणाम झाला, ९ कोटी २० लाखांहून जास्त कॉल लागले नाहीत, आणि त्यांत २५ हजारांहून जास्त कॉल ९११ या आपत्कालीन क्रमांकाला केलेले होते.

तिन्ही कामं योजून ठरवलेली होती. तिन्ही रात्री किंवा पहाटे होती. म्हणजे वेळ 'बरोबर' होती.

रात्र फक्त एक गोष्ट देते. काम सुरू असताना फोन वापरणारे कमी असतात. काम बिघडलं आणि सकाळपर्यंत निस्तरलं नाही, तर ती सवलत संपते. शिवाय रात्री तीनला फोन करणारे कमी असले, तरी ते कोण असतात याचाही विचार करा. त्या वेळी कोणी गप्पा मारायला फोन करत नाही. मोजायला ते थोडे असतात, पण त्यांची गरज मोठी असते.

म्हणून माझ्या विषयातला पहिला धडा असा : 'गर्दी कधी कमी असते?' हा वेळापत्रकाचा एक प्रश्न झाला. त्याहून महत्त्वाचे प्रश्न पुढे आहेत.

कोणाला एका रात्री हात लावायचा नाही?

टॉवरवर नवं सॉफ्टवेअर चढवताना तो काही मिनिटं बंद राहतो. शहरात अशा वेळी आजूबाजूचे टॉवर त्याचे ग्राहक सांभाळून घेतात. पण शेजारीही त्याच वेळी बंद असतील तर मधल्या वस्तीत अंधार. म्हणून नियम : शेजारी टॉवर एका वेळी बंद करायचे नाहीत.

शाळेत नकाशा रंगवताना शेजारच्या जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही असं शिकवायचे, आठवतं? अगदी तोच प्रश्न. टॉवर म्हणजे जिल्हे आणि रात्री म्हणजे रंग. एखाद्या दाट भागात सहा टॉवर सगळेच एकमेकांचे शेजारी असतील, तर कितीही डोकं चालवलं तरी सहापेक्षा कमी रात्रींत काम होणार नाही.

ऐकायला सोपं आहे, पण जरा हिशेब करा. फक्त ३० टॉवर आणि १० रात्री घेतल्या, तर वाटण्या होतात १ वर ३० शून्यं इतक्या. सेकंदाला १०० कोटी वाटण्या तपासणारा संगणक घेतला, तरी सगळ्या तपासायला तीस लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. आणि कंपन्यांकडे टॉवर ३० नसतात, हजारोंनी असतात. म्हणून सगळं तपासायच्या भानगडीत न पडता, हुशारीने चांगली वाटणी शोधायच्या पद्धती वापरतात. संशोधनाचा एक मोठा हिस्सा हाच आहे.

२०१५ साली मॅगस नावाच्या एका संशोधनाने यात एक छान भर घातली. टॉवर बंद करण्याआधीच शेजारच्या टॉवरची ताकद आणि अँटेनाचा कोन थोडा बदलून ठेवायचा, म्हणजे पडणारी पोकळी आधीच भरलेली असते. पाहुणे यायच्या आधी गाद्या घालून ठेवाव्यात, तसं.

पण शेजार फक्त जमिनीवरचा नसतो. टॉवर फायबरने जोडलेले असतात आणि पुष्कळदा ती फायबर वर्तुळात टाकलेली असते. वर्तुळ एका ठिकाणी तुटलं तर डेटा उलट्या बाजूने जातो. आता समजा, ट्रान्समिशनच्या टीमने एका बाजूला कार्ड बदलायला घेतलं आणि त्याच रात्री राउटरच्या टीमने दुसऱ्या बाजूला अपडेट लावला. दोघांचंही काम आपापल्या जागी निर्दोष. पण मधले सगळे टॉवर बेटासारखे तुटले. नकाशावर हे टॉवर एकमेकांपासून ४० किलोमीटर दूर असू शकतात. म्हणून वेळापत्रकाला सगळ्या टीमची कामं एकत्र दिसावी लागतात.

आणि कागदावरचं वेळापत्रक पुरत नाही. संध्याकाळी रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली असेल, तर वर्तुळाची एक बाजू आधीच गेलेली आहे. त्या रात्री दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, मग ठरलेलं काम कितीही महत्त्वाचं असो. काम सुरू करण्याच्या क्षणी नेटवर्कची तब्येत पुन्हा तपासायची, ही साधी अट मी प्रत्येक वेळापत्रकात घालते.

आधी काय, नंतर काय?

आता क्रमाचा प्रश्न. तीन राउटर घेऊ : क, ख आणि ग. तिघेही एकमेकांना जोडलेले आहेत. सध्या क कडचा डेटा ख कडे जातो आणि ख तो ग कडे पोचवतो. ख आणि ग यांच्यामधल्या जोडणीचं काम करायचं आहे. म्हणून नवी व्यवस्था अशी ठरली : क ने थेट ग कडे पाठवायचं आणि ख ने आपला डेटा क मार्फत पाठवायचा.

दोनच बदल आहेत. समजा आपण आधी ख बदलला. आता ख सगळं क कडे पाठवतोय. पण क अजून जुन्याच नियमावर आहे, तो तेच परत ख कडे पाठवतोय. डेटा दोघांमध्ये चेंडूसारखा फिरत राहतो. प्रत्येक पॅकेटवर उलटी मोजणी असते, ती शून्यावर आली की पॅकेट फेकून दिलं जातं. म्हणजे कॉल तुटला. उलट आधी क बदलला आणि मग ख, तर काहीच बिघडत नाही.

सुरुवातीची स्थिती बरोबर, शेवटची स्थितीही बरोबर, आणि तरी मधल्या वाटेवर अपघात! तीन राउटरचा योग्य क्रम आपण कागदावर काढला. हजार राउटरचा क्रम काढायला गणित लागतं. २०१२ साली कॉर्नेल आणि प्रिन्स्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी यावर एक नेटका विचार मांडला. प्रत्येक पॅकेटचा प्रवास एकतर पूर्ण जुन्या नियमांनी व्हावा किंवा पूर्ण नव्या नियमांनी, अर्धा-अर्धा कधीच नाही. त्यासाठी नवे नियम आधी सगळीकडे नुसते नेऊन ठेवायचे, जुने चालू ठेवायचे, आणि मग प्रवेशावर पॅकेटला 'नवा' असा शिक्का मारायला लागायचं. किंमत एकच : काही काळ दोन्ही नियम ठेवायला जागा लागते.

'चुकलं तर मागे घेऊ' हे नेहमी चालतं का?

बदल चुकला तर जुनी सेटिंग परत लावायची, याला रोलबॅक म्हणतात. प्रत्येक कामाच्या कागदावर रोलबॅकचा परिच्छेद असतोच. आता केडीडीआयकडे परत या.

त्या रात्री चूक लक्षात आली आणि साधारण १५ मिनिटांत बदल मागेही घेतला गेला. मग ६१ तास कसे लागले?

कारण नेटवर्क मागे गेलं, पण लोकांचे फोन मागे गेले नाहीत. केडीडीआयच्या नेटवर्कमध्ये व्होल्टीवर चालणारा फोन साधारण दर ५० मिनिटांनी 'मी इथे आहे' अशी नोंद करतो. नेहमी या नोंदी दिवसभर विखुरलेल्या असतात. नेटवर्क १५ मिनिटं गेलं आणि परत आलं, तेव्हा असंख्य फोन एकदम नोंद करायला धावले. नोंद करणारी यंत्रणा तुंबली. तुंबल्यामुळे नोंदी फसल्या, फसलेले फोन पुन्हा प्रयत्न करू लागले, गर्दी आणखी वाढली. पुढे ग्राहकांच्या माहितीसाठ्यातल्या नोंदीही जुळेनात. एका भागातल्या राउटरपासून सुरू झालेली गडबड देशभर पोचली. नेटवर्कवर अवलंबून असलेली काही एटीएम, पार्सल कंपन्यांची कामं, हवामान केंद्रांकडून येणारी आकडेवारी, सगळ्यांना झळ बसली.

आकड्यांत बघू. समजा १ कोटी फोन आहेत आणि प्रत्येक जण ५० मिनिटांत एकदा नोंद करतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० नोंदी. तेच फोन पाच मिनिटांत धावून आले तर सेकंदाला ३३,०००. दहापट. दाराची रुंदी तेवढीच आहे आणि माणसं दहापट, मग चेंगराचेंगरी होणारच.

एटी अँड टीचंही असंच झालं. बदल मागे घ्यायला सुमारे दोन तास लागले, पण पुन्हा नोंद करू पाहणाऱ्या फोनच्या गर्दीमुळे सेवा पूर्ववत व्हायला किमान १२ तास गेले.

यातून वेळापत्रकाचा एक महत्त्वाचा नियम निघतो. एका वेळी किती लोकांना धक्का लागू शकतो, हा आकडा परत येताना दारातून मावेल एवढाच ठेवायचा. एक कोटी लोक एकाच उपकरणावर अवलंबून असतील, तर रात्र कुठलीही निवडा, ते काम धोक्याचंच. आधी त्यांना दोन-चार उपकरणांवर वाटा, मग एकेकाला हात लावा.

दोन पायऱ्यांमध्ये किती थांबायचं?

हा माझा स्वतःचा प्रश्न, म्हणून इथे जरा रेंगाळते.

समजा २०,००० टॉवरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आहे आणि एका रात्रीत ५०० होतात. सरळ हिशेब : ४० रात्री. पण सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल तर? पहिल्याच रात्री ५०० टॉवर आजारी. म्हणून आधी फक्त ५ टॉवर करायचे आणि आठवडाभर बघायचं. ठीक वाटलं तर ५०, पुन्हा आठवडाभर बघायचं. मग रोज ५००. हिशेब मांडला तर आता ५४ रात्री लागतात. म्हणजे १४ रात्री जास्त देऊन आपण काय विकत घेतलं? दोष कळण्यासाठी वेळ. आठवडाच का? कारण सोमवार आणि रविवार सारखे नसतात, सगळे वार एकदा बघून घ्यावेत.

पण नुसतं थांबून भागत नाही, बघता आलं पाहिजे. बदलानंतर कॉल तुटण्याचं प्रमाण वाढलं, तर दोष बदलाचा की त्या आठवड्यातल्या जत्रेचा? २०१३ साली लिटमस नावाच्या संशोधनाने यासाठी औषधांच्या चाचणीतली युक्ती वापरली. बदल केलेले टॉवर एका गटात, तसेच पण बदल न केलेले दुसऱ्या गटात, आणि दोघांची तुलना. जत्रा किंवा पाऊस दोन्ही गटांना सारखाच लागतो. जो फरक उरतो तो बदलाचा. आता गंमत बघा : तुलना करायची तर काही टॉवर मुद्दाम मागे ठेवावे लागतात. म्हणजे मोजमापाची सोयसुद्धा वेळापत्रकातच करावी लागते.

थांबण्याची खरी परीक्षा मात्र रॉजर्सच्या घटनेत दिसते. ते काम सात टप्प्यांचं होतं. बिघाड सहाव्यात झाला. कॅनडाच्या नियामकासाठी झोना पार्टनर्स या संस्थेने केलेल्या तपासणीच्या अहवालात एक गोष्ट नोंदवली आहे. सुरुवातीला या कामाची जोखीम 'उच्च' ठरवली होती. आधीचे टप्पे सुरळीत झाले, तशी जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने सहाव्या टप्प्याची जोखीम 'कमी' करून टाकली.

हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. कारण तो तर्क मूर्खपणाचा नाही. पाच वेळा नीट झालं तर सहाव्यांदा होईल, असं आपण रोज धरतो. पाच टॉवरवर एकच सॉफ्टवेअर नीट चाललं, तर सहाव्यावर चालेल हे बहुधा खरं असतं. पण रॉजर्सचे टप्पे म्हणजे एकच काम सहा वेळा केलेलं नव्हतं. सहाव्या टप्प्यात फिल्टर निघाला, मार्गांच्या माहितीचा लोंढा कोअर राउटरमध्ये शिरला आणि ते कोलमडले. आधीच्या पाच टप्प्यांनी या गोष्टीबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हणून 'किती वेळा नीट झालं' हे मोजायच्या आधी 'हेच नीट झालं होतं का' असं विचारायला हवं. दोन पायऱ्या किती सारख्या आहेत, ते मोजायचं. सारख्या असतील तर विश्वास पुढे न्यायचा, नसतील तर पुन्हा पहिल्यापासून, पाच टॉवरपासून. माझं सध्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर हेच.

रॉजर्सबद्दल आणखी एक. नेटवर्क पडलं तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या इंजिनियरांना आतल्या उपकरणांपर्यंत पोचताच येईना, कारण पोचण्याचा रस्ताही त्याच नेटवर्कवरून जात होता. आपापसात बोलायला फोनही त्याच कंपनीचे. किल्ली आत राहिली आणि दार ओढून घेतलं. बाहेरून पोचण्याची वेगळी वाट तपासल्याशिवाय काम सुरूच करायचं नाही, ही अटही वेळापत्रकात बसते.

मग सावकाशच करावं ना सगळं?

असं वाटणं साहजिक आहे, पण उशिराचीही किंमत असते. ५४ रात्री चालणाऱ्या कामात जवळजवळ दोन महिने अर्धे टॉवर नव्या सॉफ्टवेअरवर आणि अर्धे जुन्यावर असतात. त्यांना एकमेकांकडे कॉल सोपवायचे असतात आणि अशी मिसळ नेहमीच गुण्यागोविंदाने नांदत नाही. बदल सुरक्षेतलं भोक बुजवण्याचा असेल, तर ते भोक दोन महिने उघडं.

त्यात सणासुदीची बंदी. मोठ्या गर्दीच्या काळात कंपन्या बदल थांबवतात, त्याला चेंज फ्रीझ म्हणतात. सगळं राज्य महिनाभर गोठवलं तर मागे कामांचा ढीग साचतो आणि बंदी उठल्यावर घाईघाईत उपसला जातो. ती घाई बंदीपेक्षा वाईट. इथे वेळापत्रक बारकाईने करता येतं. आषाढी वारीत गर्दी पूर्ण जिल्ह्यात नसते, पालखीच्या वाटेवर असते आणि रोज पुढे सरकते. मग बंदीही मुक्कामाबरोबर सरकवता येते. पालखी जेजुरीत असेल तेव्हा जेजुरीचे टॉवर गोठवा, आळंदीचे मोकळे करा.

ज्या गावात एकच टॉवर आहे

शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारा.

नकाशा रंगवण्याचा नियम आठवा : शेजाऱ्यांना एक रंग नको. आता डोंगरातलं एक गाव घ्या, जिथे एकच टॉवर आहे. त्याला शेजारीच नाही. गणिताच्या नजरेत तो सगळ्यात सोपा, कुठल्याही रात्री बसवा, कोणाशी भांडण नाही. प्रत्यक्षात मात्र तोच सगळ्यात नाजूक, कारण तो बंद पडला तर सांभाळून घेणारं कोणी नाही.

काल्पनिक आकडे घेऊन बघू. काम १५ मिनिटांचं. दिवसा ४०० लोक फोन वापरत असतात, रात्री ६०. काम बिघडण्याची शक्यता २ टक्के धरू. दिवसा बिघडलं तर माणूस दोन तासांत पोचून दुरुस्त करेल. रात्री घाटातून कोण जाणार? सकाळ होऊन काम संपेपर्यंत आठ तास, आणि त्या काळात सरासरी ३०० लोक अडकतील.

दिवसाचा हिशेब : ठरलेल्या कामाचे ४०० गुणिले १५, म्हणजे ६,००० मिनिटं. बिघाडाचे ४०० गुणिले १२०, म्हणजे ४८,०००, त्याचे २ टक्के ९६०. एकूण ६,९६०. रात्रीचा हिशेब : ६० गुणिले १५, म्हणजे ९००. बिघाडाचे ३०० गुणिले ४८०, म्हणजे १,४४,०००, त्याचे २ टक्के २,८८०. एकूण ३,७८०.

सरासरी बघितली तर रात्र जिंकते. पण खरंच बिघडलं, तर रात्रीचा फटका दिवसाच्या तिप्पट आहे. वेळापत्रक बनवणाऱ्या प्रोग्रामला 'सरासरी कमी कर' असं सांगितलं, तर तो बिनदिक्कत रात्र निवडेल. 'वाईटात वाईट परिस्थिती कमी वाईट कर' असं सांगितलं, तर दिवस. संगणक दोन्ही उत्तरं तितक्याच तत्परतेने देतो. कुठला प्रश्न विचारायचा, हे माणसाने ठरवायचं असतं. माझं मत विचाराल तर अशा गावांसाठी दुसरा प्रश्न विचारावा : काम दिवसा, गावात आधी सांगून, आणि दुरुस्तीचा माणूस जवळ असताना. पंधरा मिनिटं आधी ठाऊक असतील तर लोक सांभाळून घेतात. न सांगता गेलेली रात्र सांभाळता येत नाही.

थोडक्यात सांगायचं तर वेळापत्रकाने विचारायचे प्रश्न असे : बिघडलं तर किती जणांना लागेल, किती लवकर कळेल, परत येता येईल का, आणि ज्याला दुसरा आधार नाही असा कोणी यात आहे का? 'गर्दी कधी कमी?' हा प्रश्न या सगळ्यांच्या नंतरचा.

पुढच्या वेळी ३० टॉवरचं एक छोटं वेळापत्रक आपण हाताने, कागद-पेन्सिल घेऊन बनवू. रंगीत पेन्सिली काढून ठेवा, कमीत कमी सहा लागतील.